भरलेली बादली उचलताना रक्तदाब का चढतो?

जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ज्या इमारतींत ते वरपर्यंत चढत नाही, तिथे जिन्यावरून बादल्यांची ये-जा सुरू होते. त्यात साठी ओलांडलेले, रक्तदाबाची गोळी घेणारेही असतात. रोज सकाळी अर्धा तास चालूनही ज्यांना काही होत नाही, त्यांनाच दोन बादल्या वर नेताना डोकं गच्च होतं. असं का?

चालताना पायांचे स्नायू आळीपाळीने आखडतात आणि सैल पडतात. त्यांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताला वाट मोकळी मिळते. नाडी वाढते, रक्तदाबाचा वरचा आकडाही वाढतो. खालचा मात्र जवळपास तिथेच राहतो.

बादलीची कडी धरलेल्या बोटांचं तसं नसतं. स्नायू ताठ राहतो, पण त्याची लांबी बदलत नाही. याला आयसोमेट्रिक आकुंचन म्हणतात. आवळलेला स्नायू आपल्यातल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. तिथे साचलेली रसायनं मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळवतात, आणि मेंदू इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवतो. नाडी थोडीच वाढते, पण रक्तदाबाचे दोन्ही आकडे चढतात. १९३७ साली मोहम्मद आलम आणि एफ. एच. स्मर्क यांनी हे नेमकं दाखवलं. व्यायाम थांबल्यावरही त्या स्नायूचा रक्तपुरवठा पट्ट्याने अडवून ठेवला, तर दाब चढलेलाच राहतो. पट्टा सोडला की उतरतो.

इथे वजनापेक्षा महत्त्वाचं असतं ते आपल्या ताकदीच्या किती टक्के जोर लागतो हे. दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो. तरुण मुलाला ती किरकोळ, आजींना ती पूर्ण जोर लावायला लावते. म्हणून त्यांचा दाब जास्त चढतो.

त्यात श्वास रोखला तर आणखी भर. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब थेट धमनीत मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला!

रिकामी बादली घेऊन जिना उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्याला प्राणवायू कमी लागतो, म्हणून हृदयावरचा ताणही कमी. सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, ती देणगी मात्र या उतरण्याचीच.

गंमत म्हणजे हाच आयसोमेट्रिक ताण बेताने आणि नियमित दिला, तर काही आठवड्यांत विश्रांतीचा रक्तदाब उतरतो. २०२३ मध्ये २७० चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात अशा व्यायामाने वरचा आकडा सरासरी सुमारे ८ मिलिमीटरने घटलेला दिसला. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं त्यातच येतं. पण रक्तदाब काबूत नसेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

पाण्याच्या दिवशी बादली अर्धीच भरावी, प्रत्येक मजल्यावर खाली टेकवून बोटं मोकळी करावीत आणि चढताना श्वास सुरू ठेवावा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर बादली तिथेच ठेवून मदत मागावी. त्या दिवशी घरच्या यंत्रावर रक्तदाब बघायचा असेल, तर पाणी भरून झाल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा.