बुऱ्हाणपूर : तापीकाठच्या दोन स्मृती

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरला जाणारा प्रवासी बहुधा शाही किल्ला, जामा मशीद आणि भूमिगत जलव्यवस्थेसाठी प्रसिद्ध असलेला कुंडी भंडारा पाहून परततो. मात्र ज्या दक्षिण मोहिमांनी या शहराला महत्त्व दिले, त्यांनी मोगलांकडून काय वसूल केले हे समजून घ्यायचे असेल, तर शहराबाहेरची दोन ठिकाणे पाहायला हवीत. एक तापीच्या पैलतीरावर जैनाबाद येथे आहे, तर दुसरे तापी आणि मोहना यांच्या संगमावर.

बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांचे शहर. सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून शहराला, तर झैनुद्दीन शिराझी यांच्या नावावरून पैलतीरावरील जैनाबादला नाव मिळाले. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड जिंकला आणि खानदेश मोगलांच्या ताब्यात गेला. तेव्हापासून दख्खनवर चालून जाणाऱ्या फौजांचा हा प्रमुख तळ ठरला.

याच कारणाने शाहजहान १६३० मध्ये येथे आला. खानजहान लोदीचे बंड आणि अहमदनगरची निजामशाही ही दोन्ही प्रकरणे त्याला निकालात काढायची होती. याच काळात गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळाने होरपळत होते. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याला जन्म देताना मुमताज महलचे बुऱ्हाणपुरात निधन झाले आणि तिचे दफन जैनाबादच्या बागेत करण्यात आले. सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, शहजादा शुजाच्या देखरेखीखाली तिचे पार्थिव आग्र्याला नेण्यात आले. ताजमहाल त्यानंतर उभा राहिला. तो मुळात तापीकाठीच बांधायचा होता, असे येथे आवर्जून सांगितले जाते. मात्र ती लोककथा म्हणूनच ऐकावी.

जैनाबादचा आहुखाना आज भग्नावस्थेत आहे. फारसीत ‘आहू’ म्हणजे हरीण. राजघराण्याच्या मृगयेसाठी आणि विहारासाठी हे उद्यान राखलेले होते. ताजमहालाचा थाट मनात ठेवून येथे येणाऱ्याची निराशा होईल. पण त्या संगमरवरी वास्तूची कथा या पडक्या भिंतींच्या परिसरात सुरू झाली, हे ध्यानात ठेवले की याच भिंती बोलक्या होतात.

दुसरी स्मृती मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. जून १६६५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह पुढे विजापूरच्या स्वारीत अपयशी ठरले. आग्र्याहून महाराज निसटल्यानंतर बादशहाची त्यांच्यावरील मर्जी आणखी ओसरली. दख्खनमधून परत बोलावले गेले असता १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात त्यांचा अंत झाला. संगमावरील ‘राजा की छत्री’ हे त्यांचे स्मारक. पुढे १६८१ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने याच शहराचे संपन्न बहादूरपूर उपनगर लुटले. मोगलांनी दक्षिणेसाठी उघडलेले दार दोन्ही बाजूंनी उघडते, हे त्यातून सिद्ध झाले.

या भेटीचे वेळापत्रक नदीच ठरवते. १६१० च्या सुमारास येथून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने तापीच्या पात्रातील दगडी हत्तीची नोंद केली आहे. पावसाळ्यात तापी फुगते आणि काठचा परिसर चिखलाने भरतो. त्यामुळे पाऊस सरल्यानंतरचे हिवाळ्याचे दिवस सर्वांत सोयीचे.

बुऱ्हाणपूर भुसावळ–खंडवा लोहमार्गावर आहे. गोव्यातून निघणाऱ्यांना वास्को–निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेसने भुसावळ गाठता येते. शहरात पोहोचल्यावर सकाळी प्रथम शाही किल्ला पाहावा, तेथील हमामखान्याच्या छतावरील रंगीत नक्षी न्याहाळावी आणि मग पूल ओलांडून जैनाबादला जावे. छत्रीसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. किल्ल्यात मोगलांचे वैभव दिसते. त्या वैभवाची किंमत या दोन ठिकाणी कळते.