हट्टी संख्या

बालमित्रांनो, वहीत ही संख्या लिहा पाहू : २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस! आता सांगा, हिला कशानं निःशेष भाग जातो? २ नं नाही, ३ नं नाही, ५ नं, ७ नंही नाही. मग ही मूळ संख्या आहे का?

एकतीस वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ही संख्या मिळते. ती मूळ आहे की नाही हे पाहायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं. पण त्याच चार हजारांहून जास्त आहेत! एकेक भागाकार करत बसायचं म्हणजे सुट्टी संपायची.

लिओनार्ड ऑयलर हे थोर गणितज्ञ रशियात सेंट पीटर्सबर्गला राहत. १७७२ साली त्यांनी पासष्टी गाठली होती आणि डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तरी या संख्येचा निकाल त्यांनीच लावला. कसा? आधी एक छोटं उदाहरण बघा. अकरा वेळा २ घेऊन गुणले आणि १ वजा केला की येतात २०४७. हे म्हणजे २३ गुणिले ८९. आता २३ ला आणि ८९ ला ११ च्या दुपटीनं, २२ नं, भागा. दोन्हीकडे बाकी १! हा योगायोग नाही. आपल्या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ नं भागून बाकी १ च उरणार. शिवाय ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी. एवढी चाळणी लावली की तपासायला फार तर ३७२ संख्या उरतात, आणि त्यातल्या मूळ नसलेल्या गाळल्या तर शंभरही नाहीत. त्यांतल्या एकीनंही भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली!

या संख्येपासून एक परिपूर्ण संख्याही मिळते (६ सारखी : १+२+३ = ६). ती १९ अंकी आहे. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं १८११ साली लिहिलं, की हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधायला जाणार नाही, कारण त्याचा उपयोग काय? बिचारा बार्लो! २०२४ साली सापडलेली मूळ संख्याच चार कोटींहून जास्त अंकांची आहे.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर संगणकाच्या ०-१ च्या भाषेत आपली संख्या म्हणजे ओळीनं ३१ वेळा १. बत्तीस घरांच्या जुन्या पद्धतीत एक घर अधिक-उणे चिन्हासाठी जातं, म्हणून त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच! असे संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. आपल्याकडे १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो आकडा इथवर पोचेल. पुढच्याच सेकंदाला, दुरुस्त न केलेलं घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवील.

त्या दिवशी मंगळवार असेल. तुम्ही किती वर्षांचे असाल, काढा बघू!