उत्तर काढू नका, माहिती पुरते का ते पाहा

शाळेपासून पदवीपर्यंत गणिताच्या प्रत्येक परीक्षेत विद्यार्थ्याकडून एकच अपेक्षा असते. उत्तर काढावे आणि त्याखाली दोन रेघा ओढाव्यात. अशा बारा-पंधरा वर्षांच्या सवयीनंतर तो परदेशी व्यवस्थापन संस्थांत प्रवेशासाठी जीमॅटच्या तयारीला बसतो आणि ‘डेटा सफिशियन्सी’ या प्रश्नप्रकारापाशी अडखळतो. वास्तविक तेथे दहावीच्या बीजगणितापलीकडचे फारसे काही विचारलेले नसते. तरीही उत्तरे चुकतात आणि पुष्कळदा ती गणित चांगले येत असल्यामुळेच चुकतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव विशेषकरून येतो.

या प्रश्नाची रचना ठरलेली आहे. आधी एक प्रश्न आणि त्याखाली क्रमांक एक व क्रमांक दोन अशी दोन विधाने असतात. उमेदवाराने प्रश्न सोडवायचा नसतो. तो सोडविण्यास ही विधाने पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच सांगायचे असते. पाच पर्यायही कायमचे ठरलेले आहेत. फक्त पहिले विधान पुरेसे असेल तर ए, फक्त दुसरे असेल तर बी. एकेकटे कोणतेच पुरत नाही, पण दोन्ही मिळून पुरतात, तर सी. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे असेल तर डी आणि दोन्ही मिळूनही भागत नसेल तर ई. हे पर्याय परीक्षेपूर्वीच तोंडपाठ असावेत. परीक्षेत ते पुन:पुन्हा वाचणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होय.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटची नवी आवृत्ती सुरू झाली. पूर्वी गणिताच्या विभागात असलेला हा प्रश्नप्रकार तेव्हापासून ‘डेटा इनसाइट्स’ या नव्या विभागात गेला. या विभागात २० प्रश्नांसाठी ४५ मिनिटे मिळतात, म्हणजे सरासरी सव्वादोन मिनिटे. त्यात तक्ते, आलेख आणि अनेक स्रोतांतील माहिती वाचून सोडवायचे लांबलचक प्रश्नही असतात. त्यांच्यासाठी वेळ वाचवायचा तो डेटा सफिशियन्सीतूनच. जो विद्यार्थी येथेही शेवटच्या अंकापर्यंत आकडेमोड करीत बसतो, त्याला पुढच्या तक्त्यांवर डोळे फिरविण्यापुरताही अवधी उरत नाही. या विभागात पडद्यावर गणकयंत्र उपलब्ध असते खरे. परंतु डेटा सफिशियन्सीत त्याकडे हात जाऊ लागला, तर आपण नको ते काम करीत आहोत, असे खुशाल समजावे.

एक साधे उदाहरण घेऊ. क्षची किंमत किती? पहिले विधान : क्षचा वर्ग ४९ आहे. दुसरे विधान : क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. पहिल्या विधानावरून क्ष ७ किंवा उणे ७ असू शकतो. एकच किंमत निश्चित होत नाही, म्हणून ते अपुरे. दुसऱ्या विधानावरून तर काहीच हाती लागत नाही. दोन्ही एकत्र केल्यास उणे ७ बाद होतो आणि उत्तर सी येते. येथे ‘पुरेसे’ याचा अर्थ एकच एक किंमत निश्चित होणे, असा आहे.

‘हो की नाही’ स्वरूपाच्या प्रश्नांत मात्र भले भले फसतात. क्ष ही पूर्ण संख्या सम आहे काय? पहिले विधान : क्षचा वर्ग आणि क्ष यांची बेरीज सम आहे. दुसरे विधान : क्षची पाचपट विषम आहे. पहिल्या विधानात माहिती दिल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात ती काहीच नाही. क्ष सम असो वा विषम, ही बेरीज नेहमी समच येते. दुसऱ्या विधानावरून क्ष विषम आहे, हे निश्चित होते. म्हणजे ‘सम आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते आणि येथेच घोटाळा होतो. ‘नाही’ हे उत्तर मिळाले म्हणून विधान अपुरे, असा निष्कर्ष घाईत काढला जातो. ठाम ‘नाही’ हेसुद्धा ठाम उत्तरच आहे. अपुरी माहिती ती, जिच्यावरून कधी ‘हो’ आणि कधी ‘नाही’ येते. म्हणून येथे बी हे उत्तर बरोबर.

दुसरा सापळा सीचा. ‘दोन अज्ञात संख्या असतील तर दोन समीकरणे हवीत’ हा नियम विद्यार्थ्यांच्या हाडीमाशी खिळलेला असतो आणि प्रश्न काढणाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते. समजा, एक वही १७ रुपयांना आणि एक पेन ११ रुपयांना आहे. ग्राहकाने वह्या किती घेतल्या? पहिले विधान : वह्या व पेने मिळून ९ नग घेतले. दुसरे विधान : एकूण १२३ रुपये झाले. सवयीचा विद्यार्थी दोन समीकरणे पाहून आनंदाने सी निवडतो. परंतु वही अर्धी विकत घेता येत नाही. १२३ मधून १७, ३४, ५१ असे वजा करीत गेल्यास ११ ने भाग जाणारी बाकी एकदाच येते, ६८ वजा केल्यावर उरणारी ५५. म्हणजे चार वह्या, पाच पेने. दुसरा कोणताही मेळ बसत नाही. दुसरे विधान एकटेच पुरेसे आहे आणि उत्तर बी आहे. आता वह्या-पेनांच्या जागी त्याच भावाचे कांदे-बटाटे ठेवा आणि नगांऐवजी किलो म्हणा. वजन पाव किलो, पाऊण किलो असे कितीही असू शकते. त्यामुळे १२३ रुपयांत अगणित मेळ बसतात आणि उत्तर खरोखरच सी होते. आकडे तेच, समीकरणेही तीच. फरक पडला तो वस्तू मोजून घेतली की तोलून, एवढ्यानेच.

उलट दिशेनेही हाच नियम दगा देतो. पहिले समीकरण दुप्पट करून दुसरे म्हणून दिले असेल, तर दिसायला समीकरणे दोन असली तरी माहिती एकच असते.

तिसरी चूक विसरण्याची, किंबहुना न विसरण्याची आहे. क्ष यपेक्षा मोठा आहे काय? पहिले विधान : क्ष यच्या तिप्पट आहे. दुसरे विधान : य शून्यापेक्षा मोठा आहे. पहिल्या विधानाने य धन असल्यास ‘हो’ येते, ऋण असल्यास ‘नाही’. म्हणून ते अपुरे. पुढे दुसरे विधान वाचताना डोक्यात ‘तिप्पट’ हा शब्द घोळतच असतो. ‘य धन आहे ना, मग तिप्पट मोठेच’ असे म्हणून बी निवडला जातो. प्रत्यक्षात दुसऱ्या विधानात क्षचा उल्लेखही नाही. उत्तर सी आहे. दुसरे विधान तपासताना पहिले हाताने झाकावे, अशी जुनी युक्ती आहे. संगणकाच्या पडद्यावर ती थोडी हास्यास्पद दिसेल, पण सरावाच्या काळात ती जरूर करावी.

पर्याय गाळण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. पहिले विधान पुरेसे ठरले, तर ए आणि डी एवढेच उरतात. अपुरे ठरले, तर बी, सी आणि ई. दुसरे विधान अवघड वाटले तरी अंदाज पाचांतून नव्हे, तर दोन किंवा तीन पर्यायांतून करायचा असतो. पहिले विधान क्लिष्ट असेल, तर दुसऱ्यापासून सुरुवात करण्यासही हरकत नाही. दोन्ही विधाने एकत्र करण्याची वेळ मात्र दोन्ही एकेकटी अपुरी ठरल्यानंतरच येते.

संख्या ठेवून पाहण्याची पद्धत उपयुक्त आहे. फक्त त्या संख्या सोयीच्या नसाव्यात. क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा आहे काय, असा प्रश्न असून क्ष शून्यापेक्षा मोठा आणि तीनपेक्षा लहान आहे, अशी विधाने असतील, तर २ घेतल्यावर ‘हो’ येते. येथेच थांबणारा फसतो, कारण अर्धा घेतल्यावर ‘नाही’ येते आणि उत्तर ई ठरते. शून्य, एक, अपूर्णांक आणि ऋण संख्या यांची आठवण ठेवली, की असे पुष्कळसे प्रश्न उलगडतात. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जीमॅटच्या प्रश्नांत दोन विधाने परस्परविरोधी नसतात. एका विधानावरून केवळ ४ आणि दुसऱ्यावरून केवळ ६ अशी किंमत येत असेल, तर चूक आपल्या आकडेमोडीत आहे. वेळ असल्यास ती तेथल्या तेथे शोधता येते.

भारतीय परीक्षांनाही हा प्रकार नवा नाही. २००० नंतरच्या दशकात कॅटच्या प्रश्नपत्रिकांत तो विचारला गेला होता आणि बँकांच्या भरती परीक्षांतही तो आढळतो. मात्र पर्यायांचा क्रम सर्वत्र सारखा नसतो. जीमॅटमध्ये ‘दोन्ही मिळूनही अपुरी’ हा पर्याय शेवटी येतो, तर बँकांच्या परीक्षांत तो बहुधा शेवटून दुसरा असतो आणि शेवटी ‘दोन्ही आवश्यक’ येतो. दोन्हींची तयारी एकाच वेळी करणाऱ्यांनी सूचना प्रत्येक वेळी वाचाव्यात. विचार अचूक असूनही केवळ अक्षर चुकल्याने गुण जाऊ शकतात.

सराव करताना चुकलेल्या प्रश्नापुढे केवळ बरोबर उत्तर लिहून ठेवण्याने फारसे साधत नाही. आपण कोणते अक्षर निवडले आणि कोणते हवे होते, हे दोन्ही टिपावे. ‘सी निवडला, बी होता’ अशी नोंद वारंवार आली, तर एकट्या विधानाची ताकद नीट जोखली जात नाही. ‘बी निवडला, सी होता’ असे दिसले, तर पहिल्या विधानातील माहिती दुसऱ्यात झिरपते आहे. ‘सी निवडला, ई होता’ या नोंदी साचल्या, तर तपासण्यासाठी निवडलेल्या संख्याच अपुऱ्या पडत आहेत. तीस-चाळीस प्रश्नांनंतर यांपैकी एखादी नोंद इतरांपेक्षा ठळक दिसू लागते आणि पुढील आठवड्याचा सराव कशाचा करायचा, ते त्यावरून ठरविता येते.