बापूंच्या गावची गोष्ट

नाशिक म्हटले की आपल्याला गोदाकाठ आठवतो, काळाराम आठवतो, द्राक्षे आणि चिवडा आठवतो. क्रिकेट काही चटकन आठवत नाही. तरी ४ एप्रिल १९३३ रोजी याच गावी रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी जन्मले आणि पुढे 'बापू' या घरगुती नावानेच सगळ्या क्रिकेटजगताला माहीत झाले. त्यांचे क्रिकेट वाढले ते पुण्याला आणि मुंबईला, हे खरे. पण जन्मगावाचा हक्क नाशिककरांनी का सोडावा?

हा हक्क आजच सांगण्याला कारण आहे. गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे आताच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, सकाळी फेरी मारून पाहा. दहा-अकरा वर्षांची पोरे गडी बाद झाला की त्याच्या तोंडापाशी जाऊन आरोळी ठोकतात, डोळे वटारतात. दूरदर्शन संचावर पाहिलेले सारे काही हुबेहूब वठवतात. पालकांना विचारावे, तर ते कौतुकाने म्हणतात, "आक्रमक आहे हो आमचा! त्याशिवाय हल्ली वर जाता येत नाही." यावर बापूंच्या आयुष्यातले तीन प्रसंग सांगण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग रक्ताचा आहे. १९६२ साली भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला होता. मार्च महिन्यात ब्रिजटाऊनला बार्बाडोसशी सामना चालू होता. चार्ली ग्रिफिथ हा आडदांड वेगवान गोलंदाज आणि समोर आपला संघनायक नरी कॉन्ट्रॅक्टर, वय वर्षे अठ्ठावीस. डोक्यावर शिरस्त्राण नाही, कारण ते तेव्हा कोणी वापरतच नसे. तेवढ्यात तंबूची एक खिडकी कोणीतरी उघडली आणि आपले लक्ष क्षणभर तिकडे गेले, असे कॉन्ट्रॅक्टरांनीच पुढे सांगितले आहे. चेंडू थेट उजव्या कानाच्या वर बसला. कवटी फुटली. सहा दिवस हा माणूस बेशुद्ध होता.

शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. ते देण्यासाठी जे पुढे झाले, त्यांत चंदू बोर्डे होते, पॉली उम्रीगर होते, वार्ताहर के. एन. प्रभू होते आणि आपले बापू नाडकर्णीही होते. ही सारी आपल्याच घरची माणसे. पण त्यांच्याबरोबर फ्रँक वॉरेलनेही रक्त दिले, आणि वॉरेल हा प्रतिपक्षाचा संघनायक!

ही कथा सांगून लोक डोळे पुसतात आणि थांबतात. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. रक्त दिले म्हणून वॉरेलने भारताला एकही सामना सोडला नाही. कॉन्ट्रॅक्टरांच्या जागी अवघा एकवीस वर्षांचा पतौडी संघनायक झाला, आणि वेस्ट इंडीजने ती मालिका पाच विरुद्ध शून्य अशी जिंकली. हॉलचा वेग कमी झाला नाही, बंपर थांबले नाहीत. दिलदारी म्हणजे पड खाणे नव्हे, हे वॉरेलला पक्के ठाऊक होते. बार्बाडोसच्या त्याच सामन्यात कॉर्टेझ जॉर्डन या तिथल्याच पंचाने ग्रिफिथचा चेंडू फेकी म्हणून नो-बॉल ठरवला, ही गोष्टही विसरली जाऊ नये. आपल्या गावच्या मैदानावर, आपल्याच माणसाविरुद्ध हात बाजूला करायला छाती लागते. कॉन्ट्रॅक्टरांनी ग्रिफिथविषयी मनात अढी धरली नाही. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा खेळता आला नाही.

दुसरा प्रसंग जानेवारी १९६४ मधला, मद्रासचा. समोर इंग्लंड. बोलस आणि बॅरिंग्टन फलंदाजी करत होते आणि बापू आपल्या डावखुऱ्या हाताने टप्प्यावर चेंडू टाकत होते. टाकत होते म्हणजे किती? सलग एकवीस षटके निर्धाव, एकशे एकतीस चेंडूंवर एकही धाव नाही! त्या डावात बापूंचा हिशेब असा होता : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सराव करताना ते खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकत, असे सांगतात. त्या दिवशी नाणे नव्हते, एवढाच काय तो फरक.

हा खेळ कंटाळवाणा होता, हे मान्य केले पाहिजे. आजचा प्रेक्षक दहाव्या षटकाला उठून गेला असता. पाचही सामने अनिर्णित सुटलेली ती मालिका काही मनोरंजनाचा नमुना नव्हे. पण फलंदाजाला तासन् तास एक धाव मिळू न देणे ही आक्रमकता नाही, तर दुसरे काय आहे? आणि त्यासाठी बापूंना त्याच्या आईबहिणीची आठवण काढावी लागली नाही. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी बॅट हाती घेऊन नाबाद १२२ धावाही काढल्या.

तिसरा प्रसंग जरा अडचणीचा आहे, कारण त्यात आपलाच लाडका माणूस गुंतलेला आहे. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. गावसकर ७० वर खेळत असताना लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असे गावसकरांचे म्हणणे. त्यात लिली काहीतरी बोलला, आणि गावसकरांचा तोल गेला. ते जोडीदार चेतन चौहानलाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाले! दोघांनी सीमा ओलांडली असती, तर सामना हातचा जाण्याची वेळ होती. व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी फाटकाशी आडवे आले आणि चौहानला त्यांनी परत पाठवले. या दौऱ्यावर संघाचे साहाय्यक व्यवस्थापक कोण होते म्हणाल, तर बापू नाडकर्णी.

गावसकरांचा राग खोटा नव्हता. शिवी ऐकून घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पण कर्णधाराचा राग त्याच्या एकट्याचा नसतो. त्याच्यामागे दहा माणसांची मेहनत उभी असते. गावसकरांनीही पुढे या कृत्याबद्दल खेद व्यक्त केला. गंमत अशी की, जेमतेम एक वर्ष आधी, फेब्रुवारी १९८० मध्ये, वानखेडेवर त्यांचेच मेहुणे गुंडप्पा विश्वनाथ यांनी कर्णधार या नात्याने, पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावले होते. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला. घरात विश्वनाथांची बाजू घ्यावी तर सामना गेला म्हणून मुले हसतात, आणि गावसकरांची घ्यावी तर... मेलबर्नला सामना आपण जिंकला! चौहान परतला, ८५ धावा करून गेला. शेवटच्या दिवशी दुखऱ्या मांडीने कपिल देवने २८ धावांत पाच बळी घेतले. १४३ धावा हव्या असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ ८३ मध्ये संपला. लिलीला उत्तर द्यायचेच होते, तर ते असे दिले गेले.

आता सामनाधिकारी आहेत, दंड आहेत, २०१६ पासून शिस्तभंगाचे गुणही मोजले जातात. मैदानावरची कुजबुज यष्टीतल्या ध्वनिग्राहकातून घरोघर पोहोचते. एकशे एकतीस चेंडूंची चिकाटी मात्र त्या यंत्रातून ऐकू येत नाही, म्हणून पोरे ऐकू येते तेवढेच उचलतात.

१७ जानेवारी २०२० रोजी बापू मुंबईत वारले. ४१ कसोट्या, १४१४ धावा, ८८ बळी. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावाने रक्तदान शिबिर भरवत आली आहे. आणि ब्रिजटाऊनच्या त्या जखमेसाठी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी डॉक्टरांनी काढली ती एप्रिल २०२२ मध्ये, साठ वर्षांनी.