फुकटची काजूकतली आणि संत्र्याचा गर

हल्दीराम आज मोठं नाव. पण हेच नाव घेऊन शिवकिसन अग्रवाल नागपुरात जम बसवत होते तेव्हा इथल्या गिऱ्हाइकाला काजूकतली फारशी ठाऊक नव्हती म्हणे. त्यांनी तुकडे फुकट चाखायला दिले. झाला बाजाराचा अभ्यास!

असाच अभ्यास छोट्या गृहउद्योगांनीही करावा. आधी नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्यावर डोळा ठेवावा. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. आवक वाढली की बारीक फळाचा भाव पडतो. तेव्हाच गर काढून ठेवा, संत्रा बर्फी पुढेही करता येते.

आणि किराणा दुकानदाराला ‘काय खपतं?’ विचारू नका, तो सगळंच खपतं म्हणेल. सावजी मसाल्याचं कोणतं पाकीट परत आलं, तिखट म्हणून की महाग म्हणून, ते विचारा. नवा माल मात्र आधी किलोभरच करा.