पिना जुळल्या, पण वीज जुळली का?

मे महिना जवळ आला की पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत दिवाणखान्याच्या मधोमध दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या दिसतात. लेकीकडे नाहीतर मुलाकडे सहा महिने अमेरिकेला जायचं असतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला वजनकाट्यावर चढतात, उतरतात आणि मग प्रश्न येतो मिक्सरचा. 'तिकडच्या ब्लेंडरमध्ये खोबऱ्याची चटणी धड वाटली जात नाही,' असं कुणा अनुभवी काकूंनी बजावलेलं असतं. मिक्सर जुन्या टॉवेलात गुंडाळला जातो, कोपऱ्यावरच्या दुकानातून एक ॲडॉप्टर येतो, आणि विजेचा प्रश्न सुटला असं सगळं घर मानतं.

तो सुटलेला नसतो. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. आपल्या गोल पिना अमेरिकेच्या चपट्या खाचांत बसवून देणं एवढंच त्याचं काम. भिंतीतून येणाऱ्या विजेला तो हातही लावत नाही. आपल्याकडे घरात वीज येते २३० व्होल्ट दाबाने, अमेरिकेत १२० व्होल्टने, जपानात तर अवघ्या १०० ने. तेव्हा आपला मिक्सर तिथे चालू होतो, पण आजारी माणसासारखा कण्हत फिरतो. चटणी ओबडधोबडच राहते आणि दोष मिक्सरच्या पात्यांना दिला जातो.

यातलं गणित मजेशीर आहे. तापणाऱ्या उपकरणांत दाब निम्मा झाला की उष्णता निम्मी होत नाही, ती साधारण चौथाई होते. आपली हजार वॅटची इस्त्री न्यू जर्सीत पावणेतीनशे वॅटच्या आसपास येते. सुती साडीची घडी तिला काय मोडणार! उलटा प्रवास मात्र धोक्याचा. तिकडून हौसेने आणलेला टोस्टर इथे २३० व्होल्टवर लावला, तर त्याला पावणेचार पट शक्ती सोसावी लागते. पाव भाजायच्या आधी टोस्टरच भाजून निघतो.

मग करायचं काय? उपकरण उलटं करून त्याच्या पोटावरचं बारीक अक्षरांतलं लेबल वाचायचं, हवं तर नातवाला चष्म्याऐवजी वापरायचं. 'इनपुट'पुढे '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर ती वस्तू बहुतेक साऱ्या जगात चालेल, फक्त पिना जुळवा. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा याच जातीचे असतात. नुसतं '२३० व्होल्ट' लिहिलं असेल तर ती वस्तू अमेरिकेला नेऊ नका. इस्त्री, हेअर ड्रायर, पाणी तापवायचा रॉड, मिक्सर म्हणजे तापणारं आणि गरगरणारं जवळजवळ सगळं याच यादीत येतं. दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण साडेसातशे वॅटचा मिक्सर पेलणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड. त्यापेक्षा आपल्याच कंपन्यांनी तिकडच्यासाठी बनवलेले ११० व्होल्टचे मिक्सर तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, ते घ्यावेत. परतताना ते मात्र लेकीकडेच ठेवावेत.

जगाने एकच वीज का ठेवली नाही, असं वाटतंच. याचं उत्तर इतिहासात आहे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं ते आपल्या दिव्यांना मानवेल अशा ११० व्होल्टच्या आसपासच्या दाबाचं. अमेरिकेत घरोघरी तेच रुजलं. युरोपने पुढे दाब दुप्पट केला, कारण दाब वाढवला की तेवढीच शक्ती बारीक तारेतून नेता येते, तांबं वाचतं.

आपल्या तीन गोल पिनांचा प्लग हा साहेबाचा वारसा. गंमत म्हणजे साहेबाने स्वतः तो सोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, ब्रिटनने चौकोनी पिनांचा आणि पोटात फ्यूज असलेला नवा प्लग ठरवला. आपण जुनाच जपून ठेवला. त्यामुळे लंडनला जाणाऱ्याला, आणि दुबई, मस्कत, कुवेतला नोकरीसाठी जाणाऱ्या रत्नागिरीच्या मुलालाही, दाब आपल्यासारखाच भेटतो पण भोकं चौकोनी.

तिथे एक वाईट सवय सर्रास दिसते. त्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून झडपा असतात. वरच्या भोकात अर्थिंगची लांब पिन शिरली की त्या उघडतात. लहान मुलांनी बोटं किंवा तारा घालू नयेत म्हणून केलेली ही सोय. आपले लोक वरच्या भोकात पेन खुपसतात आणि दोन पिनांचा प्लग दडपून बसवतात. सैल बसलेल्या पिना तापतात, ठिणग्या उडतात, आणि अर्थिंग तर नसतंच. दोन-तीन पौंडांच्या ॲडॉप्टरसाठी एवढा जुगार कशाला?

दाबाखेरीज आणखी एक भानगड आहे, हर्ट्झची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, अमेरिकेची ६०. पूर्वी तिकडून आणलेली विजेवरची घड्याळं इथे ट्रान्सफॉर्मर लावूनही तासाला दहा मिनिटं मागे पडत, कारण ती विजेची आवर्तनं मोजून वेळ दाखवत. जपानात तर एकाच देशात दोन तऱ्हा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली ती ५० हर्ट्झची, ओसाकाने अमेरिकन घेतली ती ६० ची. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा दुष्काळ पडला, तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी तिकडे वळवता आली नाही. शंभर वर्षांपूर्वीची खरेदी अशी भोवली.

चटणी जाडसर राहिली तर फार बिघडत नाही. पण दम्याच्या आजोबांचा नेब्युलायझर? इथे घेतलेले कॉम्प्रेसरचे नेब्युलायझर बरेचदा फक्त २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे असतात. रात्री दोनला शिकागोत धाप लागली आणि यंत्रातून औषधाची वाफच धड निघेना, तर तेव्हा लेबल वाचून काय उपयोग? तिकीट काढलं की लगेच हे यंत्र तपासा, आणि चालणारं नसेल तर डॉक्टरांना विचारून बॅटरीवर चालणारं घ्या किंवा मुलाला तिथल्या दाबाचं आणून ठेवायला सांगा. झोपेत श्वासासाठी लावायच्या सीपॅप यंत्राचा वीजपुरवठा बहुधा १०० ते २४० व्होल्ट चालवून घेतो, तरी लेबल पाहावंच. त्याची भिंतीत जाणारी वायर बहुतेक वेळा सुटी निघते. तशीच अमेरिकन पिनांची वायर मुलाकडून आधीच मागवून बॅगेत यंत्राशेजारी ठेवली, तर ॲडॉप्टरही लागत नाही. ही बॅग विमानात आपल्याजवळच ठेवायची, सामानात टाकायची नाही.