आपल्या माणसांची परिषद

परिषद म्हटली म्हणजे हार, ठराव आणि आभारप्रदर्शन एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पुष्कळ परिषदांचे फलित त्याहून अधिक नसतेही. परंतु वर्षातील तीनशे साठ दिवस ज्याला आपल्या कचेरीत वा इस्पितळात आपल्या वर्णाचा दुसरा सहकारी दिसत नाही, त्याला उरलेल्या चार-पाच दिवसांच्या परिषदेत काय लाभते? अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या परिषदांकडे आम्ही या दृष्टीने पाहू इच्छितो.

गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दल अमेरिकेतील लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे आपणांस ठाऊक आहेच. कायद्याने बेडी तुटली. पण विद्येच्या आणि व्यवसायाच्या घरांची दारे तेवढ्याने उघडली नाहीत. हॉवर्ड आणि मेहॅरी येथून कृष्णवर्णीय डॉक्टर पदवी घेऊन बाहेर पडू लागले, तेव्हा त्यांना ही गोष्ट कळून आली. ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या मोठ्या संस्थेत स्थानिक वैद्यकमंडळांमार्फत प्रवेश मिळे, आणि दक्षिणेकडील मंडळे कृष्णवर्णीयांना दाराबाहेर ठेवीत. मंडळात जागा नाही म्हणजे पुष्कळदा इस्पितळातही जागा नाही. नव्या शोधांची चर्चा कानी पडत नाही आणि अवघड रोग्याविषयी सल्ला विचारावा असे कोणी भेटत नाही. तेव्हा १८९५ साली अटलांटा शहरी काही डॉक्टर जमले आणि त्यांनी ‘नॅशनल मेडिकल असोसिएशन’ स्थापन केली. नॅशव्हिलचे डॉ. रॉबर्ट बॉइड तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९०९ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले.

अशा परिषदेत घडते काय? वरवर पाहता निबंधवाचन आणि ओळखीपाळखी. पण आत एक मोठे ओझे उतरत असते. शंभर गोऱ्यांत जो एकटाच काळा आहे, तो केवळ स्वतःच्या नावाने वावरत नाही; त्याच्याकडे साऱ्या जमातीचा नमुना म्हणून पाहिले जाते. त्याची चूक ही ‘त्यांची’ चूक ठरते आणि त्याचे यश मात्र अपवादात जमा होते. आपल्याकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याची ही सक्ती डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ सालीच मांडून ठेवली आहे. परिषदेच्या सभागृहात शिरताच ही सक्ती सैल होते. तेथे काळा असणे ही बातमी नसते. तेथे कोणी उत्तम शल्यवैद्य असतो, कोणी मध्यम, कोणी नुसताच बोलका. माणूस तेथे नमुना न राहता माणूस होतो. मनातली शंका हसे होईल या भीतीवाचून विचारू शकतो.

दुसरे उदाहरण इंजिनिअरांचे. पर्ड्यू विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी इंजिनिअरिंगला येत, पण बहुतेक मध्येच गळत. ही गळती थांबावी म्हणून तेथील विद्यार्थ्यांनी १९७१ साली मंडळ काढण्याचे मनावर घेतले. एप्रिल १९७५ मध्ये त्यांनीच देशभरच्या विद्यार्थ्यांना हाक दिली. ३२ संस्थांमधून ४८ जण आले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स’च्या वार्षिक अधिवेशनाला आता हजारो लोक येतात. तेथे कंपन्या नोकऱ्या घेऊन येतात, हा व्यवहाराचा भाग झाला. पण विशीतल्या मुलाला आपल्यासारखाच दिसणारा पन्नाशीचा मुख्य इंजिनिअर भेटतो, तेव्हा ‘हे आपल्याला साधेल’ असे कोणी त्याला निराळे सांगावे लागत नाही.

याला शास्त्राचाही आधार आहे. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले. आरंभी आम्हांलाही परके वाटे, पुढे ते वाटणे ओसरले, असा त्यांचा आशय. सारे काम तासाभराचे. पण त्यातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढील तीन वर्षांत वाढले, आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेले अंतर निम्म्यावर आले. बुद्धी तीच होती. ‘माझ्यातच काही उणे आहे’ हा समज मात्र गेला होता. तासाभराच्या वाचनाने एवढे होते, तर प्रत्यक्ष सहवासाने काय होत असेल!

येथे एक आक्षेप निघतो. वर्णभेद नको म्हणायचे आणि परिषद मात्र वर्णाची भरवायची, ही विसंगती नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. १९५७ साली डॉ. माँटेग्यू कॉब यांच्या पुढाकाराने ‘इम्होटेप’ परिषदा सुरू झाल्या. प्राचीन इजिप्तमधील या वैद्याच्या नावाचा अर्थ ‘शांततेने येणारा’ असा आहे. आपली निराळी इस्पितळे मागणे हा या परिषदांचा हेतू नव्हता. सर्वांची इस्पितळे सर्वांना खुली व्हावीत, हा होता. १९६३ पर्यंत त्या दरवर्षी भरल्या. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि त्यामागोमाग आलेली मेडिकेअर योजना यांनी इस्पितळांतील भेदावर घाव घातला. वेगळे बसून त्यांनी मागितले ते एकत्र बसण्याचा हक्कच. ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ने आपल्या जुन्या वर्तनाबद्दल माफी मागितली ती २००८ साली, म्हणजे अटलांटाच्या सभेनंतर ११३ वर्षांनी. तोवर त्या डॉक्टरांनी बंद दारापाशी नुसते उभे राहावयाचे होते काय?

आपल्याकडे १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हाही वेगळी चूल कशाला, हाच प्रश्न होता. आम्हांला वाटते, अशा प्रश्नाची कसोटी एकच. त्या सभेतून बाहेर पडणारा माणूस जगाकडे पाठ फिरवतो, की मान ताठ करून त्यात शिरतो? तो ताठ मानेने शिरत असेल, तर ती सभा फुटीची नव्हे, जोडणाऱ्यांचीच मानली पाहिजे. आणि अशा सभेची गरज का पडली, याचे उत्तर तेथे जमलेल्यांना विचारू नये. ज्यांनी दार लावले होते त्यांना विचारावे.